नशेच्या गोळ्या सोडवायच्या तर गावाकडच्या माणसानं जायचं कुठं? (बेळगाव जिल्हा: निपाणी, संकेश्वर, चिकोडी, अथणी, खानापूर)

हिरण्यकेशीकाठ:
संकेश्वर पट्ट्यात माझं औषधांचं दुकान आहे. दारू सोडवायची म्हटलं तर आमच्याकडं सल्ल्यांना तोटा नाही. कुणी म्हणतं माळ घाला, कुणी म्हणतं अमक्या गावची पुडी चहातून द्या. (त्या पुडीत डायसल्फिराम, म्हणजे दारू अंगावर उलटवणारं औषध असेल आणि माणूस वर दारू प्याला, तर रक्तदाब उतरून जिवावर बेतू शकतं. न सांगता देऊ नका, एवढंच इथं म्हणतो.) पण पोरगा ट्रॅमाडॉल या दुखण्यावरच्या गोळीच्या पट्ट्या खातोय, कोडीनचं खोकल्याचं सिरप पितोय किंवा सुईवर गेलाय, असं कळलं की सगळे गप्प. आईबाप काउंटरवर गर्दी कमी व्हायची वाट बघतात आणि मग हळू आवाजात विचारतात. त्यांना नेमकं कुठं पाठवायचं, हे एका जागी लिहिलेलं कुठंच सापडत नाही.

माझ्या बाजूचं आधी सांगतो. ट्रॅमाडॉल, कोडीन आणि झोपेसाठी-चिंतेसाठी घेतात ते अल्प्राझोलाम, ही औषधं २०१४ पासून शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न द्यायच्या कडक यादीत आहेत. डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती गोळ्या दिल्या, सगळं वेगळ्या वहीत लिहायचं आणि वही तीन वर्षं सांभाळायची. एप्रिल २०१८ मध्ये ट्रॅमाडॉल एनडीपीएस या मादक पदार्थांच्या कायद्यातही आलं. नियम योग्यच आहेत, मी पाळतो. पण नियम आला म्हणून तलफ गेली नाही. चिठ्ठीशिवाय मिळेना झालं तसं गिऱ्हाईक दुसरीकडं गेलं. कुणी हायवेच्या टपरीवर, कुणी पार्सलवर, आणि काही जण गोळी कुटून पाण्यात विरघळवून सुईतून घ्यायला लागले. दुकान बंद करायचा हुकूम देणं सोपं असतं, त्याच्या शेजारी दवाखाना उघडायला कुणी येत नाही.

खाणारे कोण, म्हणाल तर उसाच्या ट्रॉल्या भरणारे, अडत्यांकडचे हमाल, ट्रकवरचे. अलीकडं कॉलेजची पोरंही. बऱ्याच जणांची सुरुवात खऱ्याखुऱ्या पाठदुखीनं झालेली असते.

आता मुख्य मुद्दा. ट्रॅमाडॉल, कोडीन, गर्द यांच्या सवयीवर औषध आहे. ब्युप्रेनॉर्फिन नावाची गोळी, जिभेखाली ठेवायची. जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत ती २००५ पासून आहे. पण माझ्यासारख्या दुकानात ती मिळत नाही, ठरावीक उपचार केंद्रांनाच पुरवली जाते. म्हणजे जे औषध सोडवतं ते जिल्ह्याच्या गावाला आणि जे अडकवतं ते फाट्यावर.

ज्यांना अनुभव आहे त्यांनी लिहा. पिढी बिघडली, संस्कार कमी पडले, यासाठी कृपया वेगळा धागा काढा.

रायबागचापाव्हणा:
वेगळा धागा कशाला, इथंच सांगतो. चार दिवस खोलीत कोंडा, बाहेरून कडी लावा, जेवण खिडकीतून. पाचव्या दिवशी पोरगं सरळ. आमच्या भावकीत केलंय हे.

सदलगाएक्स्प्रेस:
आणि सहाव्या दिवशी काय झालं ते पण सांगा की पाव्हणं.

रायबागचापाव्हणा:
सहा महिन्यांनी परत लागला. पण तो त्याचा दोष.

कृष्णाकाठचाडॉक्टर:
कोंडण्याबद्दल नीट लिहितो, कारण ओपीडीत रोज हाच प्रश्न येतो.

अफूच्या कुळातलं काहीही असो, म्हणजे गर्द, कोडीन, ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, ते अचानक बंद केलं की साधारण आठ ते चोवीस तासांत अंग बोलायला लागतं. जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पोटात मुरडा, जुलाब, हाडं दुखणं, झोप नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतं आणि आठवड्याभरात शरीराचा भाग बराच ओसरतो. तरण्या माणसाचा यात सहसा जीव जात नाही, पण जुलाब-उलट्यांनी पाणी कमी पडून जाऊ शकतो. सोबत अल्प्राझोलाम किंवा नायट्राझेपामची, ज्याला पोरं बटण म्हणतात त्याची सवय असेल आणि तीही अचानक तोडली, तर फिट येऊ शकते. दारू तोडल्यावरही तेच. म्हणून कडी लावायच्या आधी तो काय काय घेतो हे विचारा.

खरा धोका कडी उघडल्यावर सुरू होतो. आठवडाभर न घेतल्यानं शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. डोक्यातली तलफ तशीच असते. तो बाहेर पडतो आणि पूर्वीचाच डोस घेतो. पूर्वी जो डोस पचायचा, त्यानंच श्वास बंद पडतो. केंद्रातून सुटून आलेला, तुरुंगातून आलेला, कोंडून काढलेला, या तिघांना पहिले काही आठवडे सगळ्यात जास्त जपायला लागतं.

त्यामुळं नुसतं शरीर धुऊन काढण्याला आम्ही उपचार म्हणत नाही. पुढं महिनोन्महिने, कित्येकांना वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ ब्युप्रेनॉर्फिन द्यावं लागतं. ते मेंदूतल्या त्याच जागांवर बसतं, पण अर्धवट काम करतं. तलफ भागते, नशा चढत नाही, आणि श्वासावरचा दाब एका मर्यादेपुढं वाढत नाही. वर दारू किंवा बटण घेतलं तर मात्र तोही भरवसा राहत नाही.

अथणीकर७२:
डॉक्टर, आदर ठेवून विचारतो. मग एक व्यसन सोडवून दुसरं लावलं असंच झालं ना? गोळी ती गोळीच.

कृष्णाकाठचाडॉक्टर:
काका, शरीर त्या गोळीवर अवलंबून राहतं हे खरं, नाकारत नाही. मी बघतो ते एवढंच, की माणूस सकाळी उठून पैसे कुठून आणू याचा विचार करतो की कामाला जातो. सुई टोचतो की नाही. घरातली भांडी विकली जातात की नाही. पुढं हळूहळू डोस उतरवता येतो. काहींचा उतरतो, काहींचा नाही.

नावनको:
मी सांगतो. मीच ह्ये खाल्लंय.

निपाणीच्या हायवेला ट्रकवर क्लीनर होतो, मग डायवर झालो. रातच्याला झोप येऊ नये आनी कंबर दुखू नये म्हनून एकानं गोळी दिली. ट्रॅमाडॉल खाल्ली की आमाला झोप न्हाई येत, उलट जोर येतोय. पोती उतरवाय मानसं कमी पडली तर आमीच उतरवायचो. मग एकाच्या चार, चाराच्या पट्टी. एकदा स्टेरिंगवरच फिट आली. गाडी हुबी होती म्हनून वाचलो.

घरच्यांनी देव केले, मामानं मारलं, मी पन शपथा घेतल्या. शपथ घेताना खरंच वाटायचं बगा. तिसऱ्या दिवशी जुलाब लागले की शपथ कुठं आनी मी कुठं.

आता जिभंखालची गोळी चालू हाय. लोकास्नी वाटतंय मी अजून नशा करतोय. नशा आसली आसती तर मला कळलं न्हसतं व्हय? ह्या गोळीनं कायच वाटत न्हाई. कायच वाटत न्हाई ह्याच्यासाटीच खातोय.

खरी आडचन गोळीची न्हाई, जान्यायेन्याची हाय. सुरवातीला रोज या म्हनत्यात, नर्सच्या फुडं जिभंखाली ठेवायची, विरघळंपर्यंत बसायचं. रोज जायचं तर मालक दिवस भरंल का? पगार कापला, तिकिटाचं पैसं गेलं, मग डोकं म्हनतंय टपरीवर तीच पट्टी स्वस्त पडतीया. माझ्याबरोबर सुरू केलेली दोन पोरं आशीच सुटली. गोळी नको म्हनून न्हवं.

हिरण्यकेशीकाठ:
नावनको, धन्यवाद. मला जे म्हणायचं होतं ते तुमच्या शेवटच्या परिच्छेदात आहे. उपचार फुकट असूनही महाग पडतो, कारण तो रोज घ्यायला जावं लागतं. शहरात दोन स्टॉपवर असलेल्या माणसासाठी बनवलेली पद्धत आहे ही.

सदलगाएक्स्प्रेस:
तिकिटाचं आमच्या सीमेवर वेगळंच आहे. जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकच्या बसला बायकांना तिकीट नाही. म्हणजे बेळगावला किंवा धारवाडला आई फुकट जाते आणि पेशंट पोराचं तिकीट काढते. कोल्हापूरला लालपरीनं जायचं तर महाराष्ट्राच्या हद्दीत आईला अर्धं, पोराला पूर्ण. एका पेशंटमागं दोन राज्यांची दोन गणितं!

मिरजरिटर्न:
अंतर बघा मग कळेल. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव जवळजवळ दुप्पट. कागवाडवाल्याला मिरज दाराशी. अथणीहून बेळगाव सव्वाशेच्या पुढं, मिरज त्याच्या निम्म्याहूनही कमी. पण जिल्हा बेळगाव, कागद बेळगावचे, फुकट उपचाराचं आरोग्य कर्नाटकचं कार्ड कर्नाटकात. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना त्यांची फुकट उपचाराची महात्मा फुले योजना लागू करायचं ठरवलं, तेव्हा इकडून निषेध, तिकडून घोषणा. माणूस आपला स्टँडवर.

माझं मत: ओपीडीला कार्ड लागत नाही. मिरज, सांगली किंवा कोल्हापूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागात केसपेपर काढून दाखवता येतं. सीमावाद १९५६ पासून चालू आहे, तो सुटेपर्यंत पोरगं थांबणार नाही.

खानापूरचीवहिनी:
मी बरेच दिवस नुसती वाचत होते. माझ्या दिराबद्दल लिहिते.

आम्ही त्याला एका खासगी व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं होतं. नाव लिहीत नाही. महिन्याचे पैसे आगाऊ घेतले, फोन काढून घेतला, पहिला महिना भेट नाही म्हणाले. डॉक्टर कधी येतात विचारलं तर येतात म्हणाले. भेटायला दिलं तेव्हा त्याच्या पायाला साखळीचे वळ होते. पळून जातो म्हणून बांधला, असं अगदी सहज सांगितलं. सासूबाईंनी तिथंच पदर डोळ्याला लावला, पण त्यांनाही वाटत होतं की सुधारायचं तर एवढं सोसायला लागणारच.

नंतर धारवाडला डिमहान्स या सरकारी मानसोपचार संस्थेत नेलं. आमच्यात धारवाडला नेलं म्हणजे वेड लागलं, त्यामुळं शेजारी पुण्याला नोकरीला गेला म्हणून सांगितलंय. फॉर्म कन्नडमध्ये, मला वाचता येतं पण सासूबाईंना एक अक्षर नाही. सिस्टरला मराठी येत होतं, तिनं सगळं समजावलं. औषधावर आहे तो आता. मध्ये एकदा घसरला होता. तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी हाकललं नाही, डोस बघितला आणि परत सुरू केलं. आम्ही ओरडा खायच्या तयारीनं गेलो होतो.

वकीलसाहेब:
वहिनी, साखळीबद्दल कायदा अगदी स्पष्ट आहे. मानसिक आरोग्य कायदा २०१७ मध्ये दारू आणि मादक पदार्थांमुळं होणारे मानसिक आजार येतात. कलम ९५ नुसार कोणालाही कुठल्याही प्रकारे साखळीनं बांधता येत नाही. कलम ६५ नुसार अशा आस्थापनेला नोंदणी लागते. स्वतःहून दाखल झालेल्याला स्वतःहून बाहेर पडायचा हक्क आहे, आणि तक्रार मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडं करता येते. पैसे भरायच्या आधी नोंदणीचा कागद मागा. भिंतीवर देवाचे फोटो भरपूर आणि नोंदणीपत्र नाही, असं दिसलं तर माघारी या.

दुसरं, पोलिसांची भीती. दवाखान्यात गेलं की केस होते असा गावात पक्का समज आहे. एनडीपीएस कायदा १९८५, कलम ६४-अ: सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातला गुन्हा असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट टाकले तर हे संरक्षण काढून घेता येतं, हेही लक्षात ठेवा. विकणाऱ्याला यातलं काही लागू नाही.

रायबागचापाव्हणा:
म्हणजे खाणाऱ्याला माफी, सुया पण फुकट वाटा म्हणाल आता.

आशाताईसीमाभाग:
हो दादा, वाटाच म्हणते. आमच्या भागात एक सुई तिघांत फिरायची. त्यातल्या एकाची बायको गरोदरपणात तपासणीला आली आणि तिथं घरातलं सगळं बाहेर आलं. तिनं कुठं काय खाल्लं होतं?

नॅकोच्या, म्हणजे सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेच्या कार्यक्रमात सुया टोचून घेणाऱ्यांना नवी सुई-सिरिंज देणं, जुनी गोळा करणं आणि ब्युप्रेनॉर्फिन देणं हे सरकारच करतं, कुणा संस्थेचं खूळ नाही. पण हे काम जिथं अशी माणसं दाट आहेत तिथं चालतं. दहा गावांत विखुरलेल्या पंधरा पोरांसाठी कोण केंद्र काढणार? तोवर आपल्या हातात आहे ते सांगते. एचआयव्हीची तपासणी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात फुकट आणि गुपित असते. हिपॅटायटिस सी चं औषध २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात फुकट मिळतं आणि बहुतेकांचा तो आजार पूर्ण बरा होतो. सुई मागायला पोरगा मेडिकलमध्ये आला तर त्याला हाकलू नका, कारण हाकलल्यावर तो जुनीच वापरतो.

आणि घरात शिरायचं तर गोळीचा विषय काढून शिरता येत नाही. मी बीपी तपासायला जाते. चहा होतो, सासू उठून गोठ्यात जाते, मग सून बोलते.

हिरण्यकेशीकाठ:
ताई, दुकानदारांबद्दल बोललात ते बरं झालं. सिरिंज विकायला कायद्यानं बंदी नाही, तरी आमच्यातले बरेच जण देत नाहीत.

अथणीकर७२:
श्वास बंद पडतो म्हणालात डॉक्टर, तेव्हा घरच्यांनी करायचं काय? अथणीहून मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत काय उरणार.

कृष्णाकाठचाडॉक्टर:
खूण अशी: हाक मारून, हलवून उठत नाही, श्वास अगदी सावकाश किंवा घशात घरघर, ओठ-नखं निळसर, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. घोरतोय, झोपू दे, असं म्हणून सोडलेली माणसं सकाळी उठत नाहीत. १०८ ला फोन करा. श्वास नसेल तर मान मागं करून, नाक दाबून तोंडानं श्वास द्या, दर पाचेक सेकंदाला एक. श्वास असेल तर कुशीवर वळवा, म्हणजे उलटी घशात जाणार नाही. तोंडावर पाणी मारणं, मिठाचं पाणी पाजणं, कांदा हुंगवणं यातलं काही करू नका.

नॅलोक्झोन नावाचं इंजेक्शन यावर उतारा आहे, मिनिटांत श्वास परत येतो. पण त्याचा असर तासाभरात ओसरू शकतो आणि पोटातलं औषध अजून चालूच असतं, म्हणून शुद्धीवर आला तरी नेऊन ठेवायचाच. ट्रॅमाडॉलमध्ये हे इंजेक्शन पूर्ण काम करत नाही, फिटचा धोका राहतो. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते आहे का, हे गावच्या सभेत विचारा. साप चावल्यावरची लस आहे का हे आपण विचारतोच की.

मिरजरिटर्न:
फोन नंबर कुणी लिहीत नाहीये, मीच लिहितो. १४४१६ टेलि-मानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात आणि कन्नडमध्येही. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन. १९३३ चं नाव पण मानसच आहे, पण तो नार्कोटिक्स ब्युरोचा, मुख्यतः कोण विकतोय ते कळवायचा. घाबरलेला बाप चुकून तिकडं फोन लावून ठेवून देतो, म्हणून सांगितलं.

खानापूरचीवहिनी:
तालुक्यात मंगळवारी मानसोपचाराचे डॉक्टर येतात ना? आम्हाला ते फार उशिरा कळलं.

कृष्णाकाठचाडॉक्टर:
हो, कर्नाटकात मनोचैतन्य नावानं ते चालतं, तालुका रुग्णालयात मंगळवारी. मला वाटतं हिरण्यकेशीकाठ यांच्या प्रश्नाचं उत्तर इथंच आहे. निदान जिल्ह्याला किंवा धारवाडला, सुरुवातीचे दिवस तिथं. एकदा डोस बसला की ब्युप्रेनॉर्फिन-नॅलोक्झोन ही जोडगोळी काही दिवसांची घरी देता येते. त्यात नॅलोक्झोन असल्यानं कुणी विरघळवून टोचली तर उलट त्रास होतो, त्यामुळं गैरवापर कमी. कोविडच्या वर्षात रोज येण्याची अट सैल करून गोळ्या घरी दिल्याच होत्या. मंगळवारच्या ओपीडीत आठवड्याची गोळी मिळाली तर रोजची बस आठवड्यावर येते. त्यासाठी नवी इमारत नको, साठ्याची परवानगी, कुलूपबंद कपाट आणि लिहायला माणूस पाहिजे.

रायबागचापाव्हणा:
आणि घरी नेलेल्या गोळ्या त्यानं विकल्या तर?

कृष्णाकाठचाडॉक्टर:
काही जण विकतील. म्हणून आठवड्याच्या द्यायच्या, महिन्याच्या नाही, आणि आधी माणूस स्थिर झाल्यावर. तेवढ्या भीतीपायी बाकीच्यांना रोज दीडशे किलोमीटर फिरवणं मला पटत नाही.

रायबागचापाव्हणा:
मला अजून पटलेलं नाही. पण तो कलम ६४-अ चा कागद मराठीत मिळेल का, भावकीत दाखवायचाय.

वकीलसाहेब:
साध्या मराठीत लिहून रविवारपर्यंत इथं टाकतो.

बैलहोंगलसून:
जरा वेगळं विचारू का? माझी आई गुडघ्यासाठी तीन वर्षं ट्रॅमाडॉल घेते, चिठ्ठीवरच. हे वाचून काल तिनं स्वतःहून बंद केली आणि रात्रभर तळमळली. तिला पण व्यसन लागलं का?

कृष्णाकाठचाडॉक्टर:
नाही ताई. शरीराला सवय झाली आहे. चोरून घेत नाही, डोस वाढवत नाही, मग घाबरायचं कारण नाही. अचानक तोडू नका. नेहमीचा डोस पुन्हा सुरू करा आणि ज्यांनी लिहून दिलंय त्यांच्याकडं जाऊन हळूहळू कमी करून घ्या. गुडघ्यासाठी दुसरं काय करता येईल तेही त्याच भेटीत विचारा. त्या आणखी काय घेतात, विशेषतः झोपेची गोळी, ते त्यांना आवर्जून सांगा.

बैलहोंगलसून:
झोपेची पण घेते, अर्धी.

कृष्णाकाठचाडॉक्टर:
मग पुढच्या आठवड्यापर्यंत थांबू नका, उद्याच दाखवा. दोन्ही पट्ट्या सोबत न्या.